सोबतिणीचे हात

वीर, दासगाव, महाड, आणि वर पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर जिथे जिथे हा कार्यक्रम ऐकू येतोय, तिथल्या सगळ्या गटांना आमचा नमस्कार. तांदूळ निवडणं, भाजी चिरणं, शिवण, जे काय हातात असेल ते चालू राहू दे. मधे दोन-तीनदा आम्ही हात मोकळे करायला सांगू, तेवढे मात्र करा. आजचा विषय हातांचाच आहे.

बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ कोणी ना कोणी बाई असतेच. आई, सासू, मोठी जाऊ, आत्या, नाहीतर शेजारची काकी. ती पाठ चोळते, घोट घोट पाणी पाजते, 'झालं गं बाय, आता थोडंच' म्हणते. पुण्या-मुंबईकडे हे काम शिकून, फी घेऊन करणाऱ्या बाया आहेत, त्यांना डूला म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ सेवा करणारी बाई. आपण तिला सोबतीण म्हणू. सोबतीण आणि सुईण एक नाहीत. सुईण बाळंतपण करायची. सिस्टर आणि डॉक्टर तपासतात, औषध देतात. सोबतीण पहिल्या कळेपासून बाळ छातीशी लागेपर्यंत उठून जात नाही, एवढं तिचं काम. ऐकायला ते साधं वाटतं, पण २०१७ साली जगभरातल्या २६ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात १५ हजारांहून जास्त बाया होत्या. ज्यांच्याजवळ कोणीतरी सतत बसून होतं, त्यांची नैसर्गिक बाळंतपणं जास्त झाली, सिझर कमी झाली, कळांचा वेळही थोडा कमी लागला.

आपल्या सरकारनेही २०१६ मध्ये ठरवलं की सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या खोलीत एक सोबतीण राहू शकते. ती बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, पूर्ण वेळ थांबायची तयारी असावी. तिने स्टाफच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि दुसऱ्या बाईच्या टेबलाकडे जाऊ नये. हे झालं कागदावरचं. खोली लहान असते, मधे पडदा नसतो, मग 'बाहेर बसा' म्हणतात. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यात तपासणीला जाल तेव्हाच विचारून ठेवा, आणि कोण थांबणार तिला त्या दिवशी बरोबर न्या. ओळखीचं तोंड असलं की आत सोडायला लोक कमी कुरकुरतात.

आता मुद्दा असा, की या सोबतिणीने नुसता हात धरून बसायचं, की हाताने काही ओळखायचंही? यावर दोन टोकं ऐकू येतात. काही शिकलेली माणसं म्हणतात, सोबतिणीने शरीराच्या तपासणीत पडूच नये, धीर द्यावा. आमच्या जुन्या बाया म्हणतात, आम्ही पोटावर हात ठेवला की सगळं कळतं, मशीन कशाला? आम्हाला दोन्ही पटत नाही. सोबतिणीला ओळखता आलं पाहिजे, मोजता आलं पाहिजे, आणि ते ताबडतोब योग्य माणसाला सांगता आलं पाहिजे. तिथे तिचं काम थांबतं. आतून तपासणी करायची नाही, पोट दाबायचं नाही, औषध-इंजेक्शन द्यायचं नाही.

हे आपल्याकडे जास्त गरजेचं का, ते सांगतो. आपल्या वीरला स्टेशन आहे. १९९३ साली कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला. मुंबईला दिलेली लेक सातव्या महिन्यात गाडीतून माहेरी उतरते. तिची तपासणी झालेली असते तिकडे, माता-बाल संरक्षण कार्ड राहतं चाळीतल्या कपाटात, आणि इकडच्या सिस्टरने तिला कधी पाहिलेलंच नसतं. तिचा चेहरा मुळातच भरलेला आहे, की महिन्याभरात सुजलाय, हे कोण सांगणार? पहिल्याच आठवड्यात जिने तिचे पाय, डोळे, पोट नीट पाहून लिहून ठेवलं, ती सोबतीण सांगेल. दुसरं कारण पावसाचं. २०२१ च्या जुलैत महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तळियेला दरड आली, रस्ते तुटले. तसा पाऊस दरवर्षी होत नाही, पण वरच्या वाडीवरून बाईला डोलीतून रस्त्यापर्यंत आणायचं तर चांगल्या दिवशीही तासभर सहज जातो. गाडी बोलवायची वेळ तासभर आधी ओळखता आली तर तो तास भरून निघतो.

आणि साध्या बायांचे हात हे शिकू शकतात का, अशी शंका कुणाला असेल तर महाराष्ट्रानेच याचं उत्तर देऊन ठेवलंय. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केलं. गावागावातून निवडून आलेल्या बाया, त्यातल्या कितीतरी निरक्षर, दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत गावात जाऊन गरोदर बाया तपासायच्या. एकदाच शिबिर घेऊन सर्टिफिकेट वाटलं असतं तर ते टिकलं नसतं. पुन्हा पुन्हा यायचं, गावात काय दिसलं ते सांगायचं, पुन्हा हात लावून बघायचं, असं ते शिक्षण होतं.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या बायांची तपासणी केली आणि १९८९ साली तो अभ्यास छापून आला. १०० पैकी ९२ बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि आधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या १०० पैकी फक्त ८. बाकीच्या अंगावर काढत होत्या, कारण कोणी विचारलं नव्हतं आणि पाहिलं नव्हतं. त्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या बाळंतपणाच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहायच्या आणि पुढे महिनाभर घरी जाऊन बाळ तपासायच्या. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. आज आपल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही येतात. २०११ पासून देशभर चाललेली ही पद्धत गडचिरोलीच्या त्याच कामातून आली.

तर आता हात धुऊया. साबणाने, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, मनगटापर्यंत. नखं कापलेली हवीत. बांगड्या काढा असं आम्ही कुणाला म्हणत नाही, त्यावरून घरात वाद होतात. कोपराकडे सरकवा आणि वर रुमाल बांधा. हात गार असतील तर एकमेकांवर चोळून गरम करा, गार हात पोटावर पडला की पोट आपसूक घट्ट होतं आणि मग काहीच कळत नाही. आणि विचारा. 'पोटावर हात ठेवू का?' एवढंच. सासूला विचारून चालत नाही, जिचं पोट तिलाच विचारायचं. ती नको म्हणाली तर नको.

हे बोलायला सोपं आहे. आम्ही बैठकीत जोड्या लावतो, एकीने दुसरीच्या पायाची सूज बघायची. तेव्हा कातकरी वाडीवरून आलेल्या बाईच्या पायाशी खाली कोण बसतं, आणि कोणाला अचानक घड्याळ बघायचं असतं, ते सगळ्यांना दिसतं. आपल्याकडे सुईणपण बहुतेक ठिकाणी ज्यांना खालचं मानलं त्याच जातींच्या बायांकडे ढकललेलं होतं. नाळ कापायला त्यांचा हात चालायचा, बारशाला तोच हात चालायचा नाही. ज्या महाडात २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं, त्या तालुक्यात आपण हे शिकतोय, तेव्हा जोड्या आम्हीच लावतो आणि बदलू देत नाही.

सुरुवात डोळ्यांपासून. आत्ता शेजारणीची खालची पापणी अंगठ्याने अलगद खाली ओढा. आतला भाग लालसर गुलाबी दिसला तर ठीक, फिका पांढरट दिसला तर रक्त कमी असावं. जीभ, तळहात, नखं हेही बघा. सावळ्या तळव्यावर घड्या पडतात त्यांचा रंग बघायचा. उजेडात बघायचं, ट्यूबलाइटखाली सगळ्याच फिक्या दिसतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत निघालं, तेव्हा आपल्या बैठकीतही दोघी-तिघी सापडतीलच. मात्र डोळ्याने दिसतो तो अंदाज. आकडा रक्त तपासल्यावरच कळतो. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे धोक्याचं.

मग पाय. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवून पाच मोजेपर्यंत दाबा आणि सोडा. खड्डा राहिला तर सूज. नवव्या महिन्यात संध्याकाळी पायाला थोडी सूज येते, रात्री पाय वर ठेवून झोपलं की उतरते, त्याची काळजी नाही. सकाळी उठल्यावरही सूज असेल, अंगठी घट्ट झाली असेल, तोंड सुजलं असेल तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्यायचं. सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येत असतील, छातीखाली वरच्या पोटात दुखत असेल तर गाडीच बोलवायची. बीपीचं मशीन आता पुष्कळ गटांकडे आहे. पाच मिनिटं शांत बसवून, दंड उघडा करून, पट्टा छातीच्या पातळीत बांधून मोजा. ब्लाउजच्या बाहीवर बांधून घेतलेला आकडा काही कामाचा नसतो. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यातला एकही आला तरी सांगायचं. हे दुखणं झटक्यांपर्यंत जातं, आणि झटका आला की घरी करण्यासारखं काही उरत नाही.

आता पोट. पिशवी किती वर आली हे बोटांनी कळतं. तिसरा महिना संपताना ती ओटीपोटाच्या हाडाच्या जेमतेम वर लागते, सहाव्या महिन्याच्या अखेरीस बेंबीपाशी येते, नववा लागता लागता छातीच्या हाडाखाली पोचते आणि शेवटच्या दिवसांत थोडी उतरते. शिवणाच्या टेपने ओटीपोटाच्या हाडापासून पिशवीच्या वरच्या टोकापर्यंत मोजलं तर चोविसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे साधारण तितके सेंटिमीटर येतात. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक बायाबायांत असतो. त्याहून जास्त फरक आला, किंवा दोन भेटींत टेप वाढलाच नाही, तर आकडा लिहून सिस्टरला दाखवायचा.

बाळाचं डोकं कुठे आहे हे ओळखायला आम्ही गोधडी वापरतो. गोधडीखाली एका बाजूला सोललेला नारळ ठेवायचा, दुसऱ्या बाजूला उशीची घट्ट गुंडाळी. डोळे मिटून दोन्ही तळव्यांनी चाचपायचं. नारळ टणक, गोल, हलवला की एकटाच डोलतो. गुंडाळी मऊ, पसरट, हलवली तर बरोबर बाकीचंही हलतं. डोकं आणि ढुंगण यांत तसाच फरक. पंधरा-वीस वेळा केल्यावर बोटं शहाणी होतात. नंतर खऱ्या पोटावर, आधी सिस्टरने हात ठेवून दाखवायचं आणि मग आपला ठेवायचा. बाळ असं आहे, तसं आहे, हा निकाल आपण द्यायचा नाही. छत्तिसाव्या आठवड्यानंतर वरच्या बाजूला टणक गोल काहीतरी लागतंय असं वाटलं तर 'सिस्टर, डोकं वर वाटतंय, एकदा बघता का?' एवढं विचारता यावं म्हणून हे शिकायचं. आणि हातांनी चोळून, ढकलून बाळ फिरवायचा प्रयत्न कोणीही करायचा नाही, मग ती कितीही अनुभवी आजी असो.

बाळाची हालचाल आईइतकी कुणालाच कळत नाही. ती म्हणाली, कालपासून कमी वाटतेय, तर तिला वाद घालून गप्प करायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना.

कळा मात्र सोबतिणीचं खरं क्षेत्र. आत्ता पुन्हा हात मोकळा करा. बोटाने नाकाचा शेंडा दाबा, दबतो ना? आता हनुवटी दाबा. आता कपाळ. कळ येते तेव्हा पोट असंच घट्ट होतं. नाकासारखं लागलं तर हलकी कळ, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम, कपाळासारखं लागलं, बोट आत जातच नाही, तर जोराची. हात पोटाच्या वरच्या भागावर ठेवायचा, बोटं पसरून, वजन न टाकता. हाताला कळ बाईच्या आधी कळते, नंतर तिच्या चेहऱ्यावर दिसते. घड्याळात बघायचं: पोट घट्ट व्हायला लागल्यापासून सैल होईपर्यंत किती सेकंद, आणि एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत किती मिनिटं. खोट्या कळा येतात-जातात, कुशीवर वळलं की कमी होतात. खऱ्या कळा जवळ जवळ येत जातात. दहा मिनिटांत तीन कळा, प्रत्येक ४० सेकंदांच्या वर, म्हणजे बाळंतपण चांगलं धरलंय. वरच्या वाडीवर असाल तर तिथवर थांबायचं नाही, कळा ठरावीक अंतराने येऊ लागल्या की निघायचं. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर त्याहूनही लवकर.

दोन कळांच्या मधे पोट मऊ पडलंच पाहिजे. त्या मऊ वेळात बाळाला नीट रक्त पोचतं. दहा मिनिटांत पाचहून जास्त कळा येत असतील तर सिस्टरला सांगा. आणि पोट लाकडासारखं घट्ट राहिलं, सैल पडतच नाही, सारखं दुखतंय, तर अंगावरून जात नसलं तरी आत रक्त साठत असू शकतं. धावत जाऊन सांगायची ही गोष्ट आहे. घरी येऊन 'कळांचं इंजेक्शन' देणारे अजून कुठे कुठे आहेत. त्या इंजेक्शनने पोट मऊ पडायची वेळच संपते, बाळ गुदमरतं, पिशवी फाटू शकते. तसंच पोटावर ढोपर किंवा कोपर देऊन बाळ खाली ढकलणं. कुणी करत असेल तर अडवा. तिथे भीड धरायची नाही.

बाळ झालं, वार पडली, पेढे वाटायला माणूस गेला. नेमकं तेव्हा सगळ्यांची नजर बाळाकडे जाते आणि बाळंतिणीकडे कोणी बघत नाही. पहिले दोन तास सोबतिणीने बाळंतिणीचेच राहायचं. तिला विचारून बेंबीखाली हात ठेवा. पिशवीचा टणक गोळा लागला पाहिजे. मळलेल्या कणकेसारखं मऊ लागलं, किंवा गोळा सापडतच नाही, तर पिशवी आवळलेली नाही आणि रक्त जातंय. सिस्टरला हाक मारा, आणि ती येईपर्यंत त्या जागी तळव्याने गोल गोल चोळत राहा, बाळाला छातीशी लावा. लघवी तुंबली असेल तरी गोळा वर सरकतो आणि ढिला पडतो, तेव्हा लघवी झाली का हे विचारा.

रक्त किती गेलं हे ओळखणं हातापेक्षा डोळ्याचं काम, पण शिकावं लागतं. आमच्याकडे त्यासाठी कोकमाचं आगळ कामाला येतं. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीइतकं आगळाचं लाल पाणी करायचं, जुन्या साडीच्या घडीवर ओतायचं आणि बाकीच्यांना विचारायचं, किती असेल? बहुतेकींचा अंदाज कमीच येतो, कापड इतकं पिऊन टाकतं. थोडं फरशीवर सांडा, तेच पाणी खूप वाटायला लागतं. अर्धा लिटर ही नैसर्गिक बाळंतपणातली धोक्याची रेघ. त्यापुढे जास्त रक्तस्राव म्हणतात. जिची पापणी आधीच फिकी होती तिला त्याहून कमीही झेपत नाही. कोकमाचा खेळ दोन-तीन वेळा केलात की डोळा बसतो. पॅड पाच मिनिटांच्या आत भिजत असेल, किंवा अर्ध्या तासात दोन-तीन पॅड भिजले, तर थांबायचं नाही. नाडी जोरात धावतेय, हातपाय गार, अंगावर घाम, बाई 'कसंतरी होतंय' म्हणतेय, तर रक्त दिसो न दिसो, हाका मारा. घरी आल्यावर दिवसात पाचहून जास्त पॅड लागले, ताप आला, अंगावरून वास येऊ लागला तर आशाताईला त्याच दिवशी बोलवा.

सोयराची गोष्ट इथे काढावीच लागेल. दहा दिवस बाळंतिणीला शिवायचं नाही, तिला कोपऱ्यातली खोली, तिचं ताट वेगळं. ताप येतो तो याच दहा दिवसांत, रक्तस्राव वाढला तर याच दिवसांत, आणि कपाळावर हात ठेवून बघायला मात्र कोणी नसतं. देवाचं जे काय पाळायचं ते घरातल्यांनी पाळावं, आम्ही त्यात पडत नाही. सोबतिणीने मात्र रोज दोनदा आत जायचं आणि नंतर पाहिजे तर आंघोळ करायची.

शेवटी बाळ. तळहातापेक्षा हाताची मागची बाजू लवकर ओळखते. बाळाच्या पोटाला लावा, मग पावलाला. दोन्ही गरम, पाय गुलाबी, तर छान. पोट गरम पण पाय गार, तर बाळ गारठतंय, आईच्या उघड्या छातीवर घ्या, टोपी घाला, वरून पांघरा. पोटही गार लागलं तर तसंच छातीवर धरून दवाखाना गाठा. पहिल्या दिवशी आंघोळ नको. पावसाळ्यात तर घाई करूच नका, आणि शेगडीच्या धुरात बाळ ठेवू नका.

श्वास मोजायला बाळ शांत असताना पोटावरचं कापड बाजूला करा. पोट वर आलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजायचं. नवजात बाळ थांबून थांबून श्वास घेतं, म्हणून अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हा तेवढेच आले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर दवाखाना. आता मोजता येत नसेल तर काय? गडचिरोलीत डॉ. बंग यांच्यापुढे हाच प्रश्न होता, कारण तिथल्या सुईणींना साठपर्यंत आकडे येत नव्हते. त्यांनी पाटीवर मणी आणि एका मिनिटाची वाळूची घडी बसवली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर बाळाचे श्वास जोरात चाललेत. दहापर्यंत मोजता येणारी कोणतीही आजी हे करू शकते. आम्ही घरीच सुतळीत मणी ओवून तसं करून पाहिलंय, पाच काळे आणि सहावा लाल. वाळूच्या घडीऐवजी मोबाइलमधलं घड्याळ चालतं. हा हिशोब दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा. त्याहून मोठ्या बाळाला ५० श्वासांनाच जास्त धरतात, म्हणजे तिथे पाचवा मणी लाल.

एवढं सगळं ओळखून फोनवर नीट सांगता आलं नाही तर गाडीतला डॉक्टर परत तेच विचारत बसतो. म्हणून गटात हेही म्हणून घेतो, एकीने फोन लावल्याचं नाटक करायचं आणि दुसरीने ऐकायचं. १०८ लागला की 'लवकर या, फार त्रास होतोय' यापासून सुरुवात करायची नाही. आधी जागा: गाव, वाडी, गाडी कुठपर्यंत येते, तिथे कोण उभं राहील. मग बाई कोण, कितवं बाळंतपण, कितवा महिना. मग हाताने काय कळलं आणि घड्याळात किती वाजता: 'बाळंत होऊन वीस मिनिटं झाली, अर्ध्या तासाच्या आत तीन पॅड भिजले, गोळा मऊ लागतोय, हात गार आहेत, आम्ही चोळतोय आणि बाळ छातीशी आहे.' मोठ्याने म्हणून बघा, अर्धं मिनिटही लागत नाही. पुढच्या मंगळवारी दुपारी याच वेळी आपण पुन्हा भेटू. येताना एक नारळ, एक गोधडी, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि ज्यांच्याकडे असेल त्यांनी आगळ आणा.